टॉर्टियाला चुना किती, आणि आपल्या मक्यात 'जीएम' असतं का?

चुलवाण
मंडळी, दोन प्रश्न एकाच धाग्यात टाकतोय. कणीस एकच आहे म्हणून.

१) वाण्याकडे मिळणारा सुका पिवळा मका घेऊन घरी मेक्सिकन टॉर्टिया (मक्याची पातळ, मऊ पोळी) होते का? मक्याच्या पिठाची उकड काढून लाटली की ती टॉर्टिया होत नाही. होते ती मक्याची भाकरीच, आणि तीही कडांना फाटलेली. चुना लागतो म्हणतात. कुठला, किती, कधी?

२) हा मका 'जीएम' (जनुकात बदल केलेला) असतो असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. मेक्सिकोने मार्च २०२५ मध्ये जीएम मक्याची लागवड थेट राज्यघटनेतच बंद केली. तिथे एवढं रामायण कशासाठी? आणि आपल्याकडे नक्की काय आहे? ऐकीव नको, पक्कं लिहा.

शेंगदाणाकूट
मक्याला चुना लावायचा म्हणजे नेमकं कुणाला लावायचा ते आधी ठरवा :)

सरकी_पेंड
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी. भारतात जीएम मका पिकवायला परवानगी नाही. व्यापारी लागवडीला आजवर मान्यता मिळालेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस (जिवाणूचं अळीनाशक जनुक घातलेला), २००२ सालचं. बीटी वांगं फेब्रुवारी २०१० मध्ये अडवलं गेलं ते अडलेलंच आहे. डीएमएच-११ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये सशर्त मोकळीक मिळाली. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली.

गंमत पुढेच आहे. 'मी जीएम खात नाही' म्हणणाऱ्याच्या हातातलं फरसाण सरकीच्या तेलात तळलेलं असू शकतं, आणि सरकी बीटी कपाशीचीच. परदेशातून येणारं सोयाबीन तेलही बऱ्याच अंशी जीएम सोयाबीनचं. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन आणि डीएनए जवळजवळ उरत नाही, म्हणून तपासणीत ते सापडत नाही, हा भाग वेगळा.

बांधावरून
+१. गोंधळ 'हायब्रीड' या शब्दाने होतो. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा संकर: मादी ओळीचे तुरे काढून टाकायचे, नर ओळीचा पराग तिच्यावर पडू द्यायचा. यात प्रयोगशाळेतून जनुक घालणं नाही. आपल्याकडे मक्याचे पहिले संकरित वाण १९६१ साली आले: गंगा-१, गंगा-१०१, रणजित आणि डेक्कन. म्हणजे शेतकरी दरवर्षी मक्याचं बी विकत घेतो ते जीएम आल्यामुळे नव्हे. संकरिताचं बी घरचं धरलं तर पुढच्या वर्षी ताटं उंच-बुटकी, कणसं लहान-मोठी, सगळा बेमेळ.

स्वीटकॉर्नचंही तेच. गोडी येते ती साखरेची पिठात रूपांतर होण्याची वाट एका नैसर्गिक बदलामुळे अडल्याने. म्हणून त्याचं बी सुकलं की सुरकुततं, बोटात धरलं तर हलकं लागतं. भारतात विकला जाणारा स्वीटकॉर्न 'अमेरिकन' म्हणवतो तो नावापुरता.

टेक्सासवासी
एक भर. अमेरिकेत मात्र थोडा स्वीटकॉर्न खरोखर जीएम आहे, आणि तिथल्या एकूण मक्याच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर जीएम वाण असतात. त्यातला बहुतेक जनावरांच्या पोटात आणि इथेनॉलमध्ये जातो. १ जानेवारी २०२२ पासून पाकिटावर 'बायोइंजिनियर्ड' लिहिणं सक्तीचं आहे, पण इतकं शुद्ध केलेलं की त्यात बदललेला डीएनए सापडत नाही अशा तेला-साखरेला त्या नियमात सूट ठेवली होती. पॉपकॉर्नचा जीएम वाण बाजारात नाही, तेव्हा सिनेमाला निवांत जा.

इकडच्या मराठी मंडळींसाठी: मेक्सिकन दुकानात दोन पिठं शेजारीशेजारी असतात. 'मासा हरिना' म्हणजे चुन्यात शिजवून वाळवलेलं, ते टॉर्टियाला. दुसरं व्हेनेझुएलाच्या आरेपा नावाच्या जाड भाकरीचं, नुसतं वाफवलेलं, चुन्याविना. त्याची टॉर्टिया लाटाल तर चुलवाण यांच्याच भाकरीवर याल.

चुन्याची_निवळी
चुलवाण, पहिल्या प्रश्नाचं सविस्तर लिहिते.

आधी मका. बियाण्याचा मका *कधीही* घेऊ नका. त्याला औषध लावलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून लाल-गुलाबी किंवा हिरवा रंग दिलेला असतो. धुऊन ते जात नाही. खाण्याचा सुका अख्खा मका घ्या, स्वीटकॉर्न नको. कोंबडीखाद्यासाठी विकला जाणारा असेल तर निवडून घ्या: काळवंडलेला, भोकाचा, बुरशीचा वास येणारा दाणा बाहेर.

प्रमाण: १ किलो मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम कोरडा विरलेला चुना. कळीचा चुना नको, तो पाण्यात पडला की उकळी फुटते आणि हात भाजतो. पानाच्या डबीतला चुना चालतो, पण तो ओला असतो, त्यात निम्मं पाणीच, म्हणून २० ग्रॅमच्या आसपास धरा. सुगंध घातलेला नको. भांडं स्टीलचं. अॅल्युमिनियमला चुना खातो.

चुना थोड्या पाण्यात कालवून पातेल्यात घाला, मग मका. दाणा क्षणात पिवळाधमक होतो, घाबरू नका. मंद आचेवर उकळीच्या अलीकडे ३०-४० मिनिटं. दाणा नखाने मोडून बघा: बाहेरून मऊ, मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका राहिला की गॅस बंद. झाकून रात्रभर, १२ ते १६ तास.

सकाळी पाणी पिवळसर, किंचित चिकट झालेलं असतं आणि त्याला ओल्या भिंतीचा वास येतो. दाणा अंगठ्या-बोटात चोळला की साल सुटून लोळी होते. दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा. सगळी साल काढू नका. थोडी राहिलेली साल चुन्याने डिंकासारखी होते आणि तोच चिकटपणा पिठाला बांधून ठेवतो. गव्हाचं ग्लुटेन इथे नाही, तेव्हा हे एवढंच काय ते. भाकरी फाटते आणि टॉर्टिया वळते, त्यातला फरक हा.

वाटण्यासाठी मिक्सर कच खातो. पाणी घालावं लागतं आणि पीठ डोशाचं होतं. दगडी वेट ग्राइंडर किंवा पाटा-वरवंटा. पाणी चमच्याने. १ किलो सुक्या मक्याचं पावणेदोन ते दोन किलो पीठ होतं.

पारख: लिंबाएवढा गोळा करून अंगठ्याने दाबा. कडा फाटली तर पाणी कमी, अंगठ्याला चिकटलं तर जास्त. ३० ग्रॅमचा गोळा, प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून ताटाने दाबा, वीतभर नको, १२-१३ सेंटिमीटर. तवा कडक. पहिल्या बाजूला २० सेकंद, उलटून मिनिटभर, परत उलटली की फुगते. उतरवून फडक्यात गुंडाळून ठेवा. दहा मिनिटं त्याच वाफेत राहिल्या की मऊ होतात. तव्यावरून थेट ताटात घेतली तर कोरडीच लागेल.

रसायनी
उत्तम. चुकतं कुठे तेही जोडतो.

साल सुटतच नाही: चुना जुना. डबी उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडीच. पाण्याला बुळबुळीत स्पर्श नसेल तर तो चुना कामाचा नाही.

पीठ रबरासारखं ताणतं: जास्त शिजला. दाण्यातलं पिष्ट (स्टार्च) आतपर्यंत फुललं.

कडवट, साबणासारखी चव: चुना जास्त किंवा धुणं कमी.

'चुना नको, खायचा सोडा घालतो' असं कुणीतरी म्हणणारच. साल थोडीफार सुटेल, पण कॅल्शियम मिळत नाही. पिठाची बांधणी कॅल्शियमवरही असते.

जुनी_वही
आपल्याकडे कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, त्या कडक राहतात. इकडे चुन्याने साल सुटते आणि तिकडे फोड कडक होते, हे कसं?

रसायनी
चांगला प्रश्न. पेठ्याला थंड, पातळ निवळी. कॅल्शियम फोडीतल्या पेक्टिनला जोडून घट्ट करतो. मक्याला गरम चुन्याचं पाणी, तेही तासन् तास. तिथे अल्कली सालीतलं हेमिसेल्युलोज विरघळवते. उष्णता आणि वेळ बदलला की तोच चुना दुसरं काम करतो.

आणि खरं काम अजून सांगितलंच नाही. मक्यात नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) असतं, पण बांधलेल्या रूपात, आतड्याला न मिळणारं. चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. १७३५ मध्ये गास्पार कासालने स्पेनच्या अस्तुरियासमध्ये एका त्वचारोगाचं वर्णन केलं, तोच पेलाग्रा. पुढे उत्तर इटलीत पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीवर, जगणारे गरीब आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतली गावं त्याने पोखरली. जोसेफ गोल्डबर्गरने दाखवलं की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. त्यावरचा उपाय निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिनच, हे १९३७ मध्ये एल्वेजेमने कुत्र्यांवर दाखवलं. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊन हा रोग पसरला नाही, कारण पातेल्यात चुना आणि ताटात राजमा-घेवडा.

खानदेशी_खलबत्ता
मग सातपुड्यातले लोक पिढ्यान् पिढ्या चुन्याविना मक्याची भाकरी खातात, त्याचं काय?

रसायनी
भाकरीबरोबर काय खातात ते बघा. उडीद, तूर, भाजीपाला, अधूनमधून मासे. मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही प्रथिनातली अमिनो आम्लं कमी, डाळीत लायसिन भरपूर. ट्रिप्टोफॅनपासून शरीर थोडं नायसिन स्वतः बनवतं. रोग होतो तो नुसत्या मक्यावर राहिल्यावर. आणि दख्खनने नाक वर करू नये: ज्वारीवर जगणाऱ्यांतला पेलाग्रा हैदराबादच्याच संशोधकांनी, गोपालन आणि श्रीकांतिया यांनी, १९६० मध्ये मांडला.

लायसिन-ट्रिप्टोफॅन वाढवलेला मकाही आहे, क्यूपीएम. त्यासाठी सुरिंदर वसल आणि एव्हान्जेलिना विलेगास यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडचा विवेक क्यूपीएम-९ त्याच कुळातला. आणि हो, जीएम नव्हे. निवड पद्धतीने केलेला.

विलायती_चिंच
सगळं छान, पण तुम्ही लोक जीएमचा धोका हळूच टाळताय. फ्रान्सच्या सेरालिनीचा २०१२ चा अभ्यास आहे, जीएम मका खाऊन उंदरांना गाठी आल्या. फोटो सगळीकडे आहेत.

रसायनी
फोटो आहेत, अभ्यास त्या मासिकाने नोव्हेंबर २०१३ मध्ये मागे घेतला. नंतर दुसरीकडे पुन्हा छापला, हेही खरं. कारण साधं: प्रत्येक गटात दहाच उंदीर, आणि जात स्प्रॅग-डॉली, जिला दोन वर्षांत म्हातारपणी आपोआपच खूप गाठी येतात. जीएम न खाणाऱ्यांनाही आल्या. दहाच्या गटात फरक योगायोगाचा की अन्नाचा ते कळत नाही.

विलायती_चिंच
म्हणजे सगळं निर्धोक?

बांधावरून
तसं कुणी म्हणालं नाही. प्रत्येक बदल वेगळा तपासायचा. २००० सालचं स्टारलिंक या जीएम मक्याचं प्रकरण बघा. त्यातल्या क्राय-नाइन-सी प्रथिनाला अमेरिकेने फक्त पशुखाद्यासाठी मान्यता दिली होती, कारण ते पचायला वेळ लावतं आणि अॅलर्जीची शंका होती. तो मका टाको शेल्समध्ये सापडला आणि माल परत बोलवावा लागला. शिकण्यासारखं हे की सुगीनंतर मळणी, गोदाम, ट्रक एकच. 'हा जनावरांचा, हा माणसांचा' ही रेघ कागदावर राहते. आपल्याकडे ही वाट रुळली तर एपीएमसीच्या ओट्यावर कोण वेगळं ठेवणार?

सरकी_पेंड
हे पटलं. म्हणूनच एफएसएसएआयने (देशाची अन्नसुरक्षा यंत्रणा) २०२१ पासून मक्यासह २४ पिकांच्या आयातीला बिगर-जीएम प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली, नकळत मिसळीची मर्यादा १ टक्का.

मिरगाचा_पाऊस
मेक्सिकोच्या प्रश्नाकडे कुणी येणार का?

मका जन्मला तिथे. बाल्सास नदीच्या खोऱ्यात टिओसिंटे नावाच्या गवतापासून, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी. टिओसिंटेचं कणीस म्हणजे डझनभर टणक दाणे, प्रत्येक कवचात बंद. आज तिथे मक्याची साठेक कुळं आहेत: पोसोले या रश्शासाठी फुलणारा, आतोले या पेजेसाठी पिठूळ, निळा, लाल. पांढरा मका माणसं खातात, पिवळा मुख्यतः अमेरिकेतून जनावरांसाठी येतो.

मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. कणसाचा प्रत्येक केस म्हणजे एक दाणा, आणि प्रत्येक केसाला बाप वेगळा असू शकतो. शिवाय तिथला शेतकरी बी पाहुण्यांशी, शेजाऱ्यांशी अदलाबदल करतो. १९९८ पासून जीएम लागवड बंद असूनही २००१ मध्ये क्विस्ट आणि चापेला यांनी ओहाकाच्या गावरान मक्यात जीएम खुणा सापडल्याचं 'नेचर'मध्ये लिहिलं. त्यावर कल्लोळ झाला, मासिकाने पुढच्या वर्षी पुरावा पुरेसा नव्हता असं म्हटलं. २००५ च्या अभ्यासात काहीच सापडलं नाही, २००९ च्या अभ्यासात पुन्हा सापडलं.

फेब्रुवारी २०२३ च्या फतव्याने पीठ आणि टॉर्टियातल्या जीएम मक्यावर बंदी घातली, पशुखाद्यातला मात्र हळूहळू बदलायचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापार कराराच्या लवादाने निकाल मेक्सिकोच्या विरोधात दिला. मेक्सिकोने आयातीवरचे निर्बंध मागे घेतले, मग लागवडबंदी घटनेत घातली. दिवसातून तीन वेळा जे खायचं त्याचं बी आपल्या हातात हवं, हा त्यांचा मुद्दा. उंदरांच्या गाठींशी त्याचा संबंध नाही.

बांधावरून
परागाचं आपल्याकडेही दिसतं. स्वीटकॉर्नच्या शेजारी साधा पिवळा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला तर स्वीटकॉर्नच्या कणसात मधूनमधून टपोरे, फिके, पिठूळ दाणे लागतात. गोडीचं जनुक दबकं, बाहेरचा पराग आला की त्याच दाण्यात गोडी जाते. ग्राहक म्हणतो 'जुना माल दिला'. उपाय: २०० मीटर अंतर, नाहीतर पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक.

शेंगदाणाकूट
म्हणजे कणसातल्या दोन दाण्यांचे बाप वेगळे. आता कणीस सोलताना संकोच वाटणार.

जुनी_वही
अवांतर: सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ देवळात मूर्तींच्या हातात कणसं आहेत, म्हणजे मका कोलंबसाच्या आधीच आपल्याकडे होता असं वाचलंय.

मिरगाचा_पाऊस
१९८९ मध्ये योहानसेन आणि पार्कर यांनी तसं मांडलं होतं. भारतीय मका-तज्ज्ञांना ते पटलं नाही. ते मुक्ताफळ, म्हणजे मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ, असं त्यांचं म्हणणं. त्या काळातला मक्याचा एक दाणा उत्खननात मिळाला असता तर भांडण मिटलं असतं. पोर्तुगीजांनी आणला हेच जास्त संभवतं.

खानदेशी_खलबत्ता
अवांतरात अवांतर. कणसावर करड्या फुगलेल्या गाठी येतात, ती काणी. आपण उपटून जाळतो. मेक्सिकोत तिला उइत्लाकोचे म्हणतात, कांदा-मिरचीवर परतून खातात आणि ती मक्यापेक्षा महाग विकली जाते. कोवळी असताना. पिकली की आत काळी भुकटी.

विलायती_चिंच
बुरशी खाणारे लोक जीएमला घाबरतात होय :)

चुन्याची_निवळी
चिंचताई, बुरशी-बुरशीत फरक आहे. काणी खाता येते. अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडणारी बुरशी मारते. १९७४ च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ पसरली, ३९७ आजारी, १०६ मृत्यू. बहुतेक भिल्ल कुटुंबं. त्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं. जीएमवर पानं भरतात, यावर ओळही नाही.

घरी पारख: काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर अगदी कोरडं मीठ, दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांवर, साठवू नका. चुन्यात शिजवल्याने काही विष कमी होतं, पण खराब मका वाचवायचा तो मार्ग नाही.

बांधावरून
आणि बुरशी शिरते अळीच्या भोकातून. म्हणूनच बीटी मक्यात फ्युमोनिसिन नावाचं विष कमी सापडतं, हा जीएमच्या बाजूचा खरा मुद्दा.

उलट बाजूही घ्या. मका खाणारी अमेरिकन लष्करी अळी भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके, पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा. 'बीटी मका आला असता तर' असं म्हणतात, पण प्वेर्तो रिकोमध्ये हीच अळी क्राय-वन-एफ प्रथिनाच्या बीटी मक्याला २००६ च्या सुमारास दाद देईनाशी झाली. बीजी-टू कपाशीचं (बीटी कपाशीची दुसरी पिढी) काय झालं ते २०१७ च्या गुलाबी बोंडअळीने दाखवलं. पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बी कडेने लावायला दिलेलं असायचं. ते बांधावर फेकलं गेलं. ज्या अळ्यांना बीटी लागू पडतं त्यांना जगायला जागाच उरली नाही, मग उरलेल्या चिवट अळ्यांचं आपसातच लग्न लागलं.

तेव्हा तूर्त पोंग्यात बघा, कामगंध सापळे लावा, अळी लहान असतानाच फवारा थेट पोंग्यात. मोठी झाली की ती आपल्याच विष्ठेचं बूच लावून आत बसते, औषध पोचत नाही.

चुलवाण
सगळ्यांचे आभार, मागितलं त्यापेक्षा बरंच मिळालं. मका भिजलाय, साल सुटली. एकच अडलंय: प्रत्येक दाण्याच्या बुडाशी काळं टोक राहिलंय, चोळून जात नाही. हे खराब आहे का? काढायचं का?

चुन्याची_निवळी
खराब नाही. दाणा पूर्ण भरला की बुरकुंडाशी जोडलेल्या जागी काळा थर धरतो. म्हणजे मका पक्का होऊन काढलेला आहे. पोसोलेला दाणा फुलासारखा उमलायला हवा म्हणून तिथे एकेक टोक खुडतात. टॉर्टियाला राहू द्या, पिठात काळे ठिपके दिसतील एवढंच.

शेंगदाणाकूट
फोटो टाका. फाटली असेल तरी.